राष्ट्रपतिपदाचा उमेदवार आणि मुंबईचे छत्तीस आमदार

द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ २०२७ च्या जुलैत संपेल. त्यांच्या जागी कोण, याचे अंदाज मुंबईत आत्तापासूनच बांधले जात आहेत. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, विरार लोकलच्या डब्यात, वाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चेत तीच वाक्यं कानावर पडतात. यंदा दक्षिणेचा नंबर, ओबीसी चेहरा दिला तर विरोधकांची अडचण होईल, मराठी माणसाला पुन्हा संधी मिळायला हवी. राजकारणात रस असलेल्या शहरात हे व्हायचंच, आणि त्यात गैर काही नाही. पण नाव कोणाचं, हा प्रश्न आपण इतका चघळतो की ते नाव कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर, हे विचारायचं राहूनच जातं. उमेदवार जाहीर होतो तेव्हा मतदानाला जेमतेम महिना उरलेला असतो. त्या महिन्यात त्याला कोणी फारसं काही विचारत नाही. ज्यांच्या मतांवर तो निवडून येणार, ते आमदार-खासदार आपणच निवडून दिलेले असतात, पण त्यांनाही आपण काही विचारत नाही. माझा आक्षेप याला आहे.

मागच्या खेपांचे अंदाज आठवून पाहा. २००२ मध्ये सगळ्यात जास्त चर्चेत असलेलं नाव मलबार हिलवरच्या राजभवनात राहत होतं. पी. सी. अलेक्झांडर १९९३ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि वाजपेयींच्या आघाडीची पसंती त्यांनाच आहे, हे उघड होतं. काँग्रेस राजी झाली नाही. मग उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचं नाव पुढे आलं, तेही मागे पडलं, आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात शिकवत असलेल्या अब्दुल कलामांकडे विचारणा झाली. अलेक्झांडर पुढे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. २००७ मध्ये शिवराज पाटलांचं नाव जवळजवळ पक्कं मानलं जात होतं. डाव्या पक्षांनी ते अडवलं आणि १४ जूनला प्रतिभाताई पाटील यांचं नाव जाहीर झालं. २०१२ मध्ये ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यांनी दिल्लीत कलाम, मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी अशी तीन नावं सुचवली. दोनच दिवसांत उमेदवार ठरले प्रणव मुखर्जी. २०१७ मध्ये अडवाणी, सुषमा स्वराज, सुमित्रा महाजन अशी यादी माध्यमांत फिरत असताना १९ जूनला बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांचं नाव आलं. मराठी पत्रकारितेने याला धक्कातंत्र हे नाव दिलं आणि आपण ते कौतुकाने स्वीकारलं. देशाच्या सर्वोच्च घटनात्मक पदासाठी लोकांना धक्का बसावा, यात कौतुक करण्यासारखं काय आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

२०२२ ची तारीख तर मुंबई विसरणार नाही. २१ जूनला मुर्मू यांचं नाव जाहीर झालं. त्याच दिवशी एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेत असल्याचं उघड झालं होतं आणि अख्खं शहर त्या बातमीला चिकटून बसलं होतं. विरोधकांनी त्याच दिवशी यशवंत सिन्हांचं नाव पुढे केलं, तेही शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपाळकृष्ण गांधी या तिघांनी नकार दिल्यावर. म्हणजे सत्ताधाऱ्यांनी कोणाला का निवडलं ते कळलं नाही, आणि विरोधकांचा उमेदवार चौथ्या पसंतीचा होता. १८ जुलैला मतदान, २१ जुलैला निकाल. नाव जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत देशाचा राष्ट्रपती ठरला.

उमेदवारीच्या निर्णयामागचा संघर्ष देशाने खऱ्या अर्थाने उघड्यावर पाहिला तो १९६९ साली. त्या प्रसंगाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मुंबईचा आणि महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा होता. झाकिर हुसेन यांचं मे महिन्यात पदावर असतानाच निधन झालं. जुलैमध्ये बंगळुरात काँग्रेसच्या संसदीय मंडळात नावावर अक्षरशः मतविभागणी झाली. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. मुंबईचे स. का. पाटील, यशवंतराव चव्हाण, मोरारजी देसाई, कामराज यांनी नीलम संजीव रेड्डींना कौल दिला आणि पंतप्रधानांचा पक्षातच पराभव झाला. त्यानंतरच्या दिवसांत मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं गेलं आणि १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक, देना बँक अशा मुंबईत मुख्यालय असलेल्या बँका त्यात होत्या. त्या अध्यादेशावर सही होती हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची. दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. इंदिरा गांधींनी काँग्रेसजनांना अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यायला सांगितलं.

रिंगणात तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने त्यांना उभं केलं होतं. या निवडणुकीत प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मतं मिळाली. कोणालाच बहुमत नव्हतं. दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीने निकाल लागल्याची ही एकमेव वेळ. वर्षाअखेरीस काँग्रेस फुटली.

त्या निवडणुकीत डावपेच होते, विश्वासघाताचे आरोप होते. तरीही मला ती आजच्या निवडणुकांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. कोण कोणाच्या बाजूने आहे आणि का, हे लोकांना माहीत होतं. उमेदवार निवडणं म्हणजे सरकारच्या धोरणाची दिशा निवडणं, हे गिरगावातल्या बँक कारकुनालाही समजत होतं, कारण त्याचीच बँक सरकारी झाली होती.

यावर नेहमी मिळणारं उत्तर असं की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, ते पद शोभेचं आहे, मग एवढी चिंता कशाला? ४२ व्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक केला हे खरं. पण ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकारही दिला. तो वापरायचा की नाही, हे त्या खुर्चीत कोण बसलं आहे यावर ठरतं. १९९७ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. झैलसिंग यांनी टपाल विधेयकावर ना सही केली ना ते परत पाठवलं. लोकांची पत्रं उघडण्याचा अधिकार सरकारला देणारं ते विधेयक कधीच कायदा झालं नाही. खासदारांना काही सरकारी पदं खासदारकी न गमावता ठेवू देणारं लाभाच्या पदांचं विधेयक कलामांनी २००६ मध्ये संसदेकडे परत पाठवलं. त्याच कलामांनी आदल्या वर्षी मॉस्कोत असताना बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या शिफारशीवर सही केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. माणूस तोच, पण एके ठिकाणी त्याने थांबून विचार केला आणि दुसऱ्या ठिकाणी केला नाही. १९७५ च्या जून महिन्यातली आणीबाणीची ती रात्र आणि फक्रुद्दीन अली अहमद यांची सही तर सर्वांना माहीत आहे.

आणि मुंबईला यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवली गेली, आणि शहर जागं होत असताना राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. राजवट उठवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही झाली नव्हती. कामकाज नियमावलीतला नियम १२ वापरून पंतप्रधानांच्या अधिकारात शिफारस गेली आणि राष्ट्रपतींनी तिच्यावर सही केली. ते सरकार चार दिवससुद्धा टिकलं नाही. सही करू नये असं कायद्यात काही नव्हतं, हे मान्य. पण सकाळी मंत्रिमंडळ बसू द्या, मग पाठवा, असं म्हणण्यापासूनही राष्ट्रपतींना कोणी अडवलेलं नव्हतं. अशी शिफारस अवेळी आली तर तुम्ही काय कराल, हा प्रश्न २०१७ मध्ये कोविंद यांना उमेदवार असताना कोणी विचारला होता का? तेव्हा माध्यमांत चर्चा होती ती दलित मतांवर होणाऱ्या परिणामाची.

दुसरं उदाहरण शक्ती विधेयकाचं. महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं हे विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर केलं आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं. त्याचा कायदा झाला नाही. त्यातल्या काही तरतुदी, विशेषतः फाशीच्या, मला स्वतःला पटत नव्हत्या. पण राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक किती काळ दिल्लीत पडून राहू शकतं, हा प्रश्न त्यापेक्षा मोठा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत दिलं की राज्यपाल आणि राष्ट्रपतींवर न्यायालय ठरावीक मुदत लादू शकत नाही. मुदत न्यायालय ठरवू शकत नसेल, तर संबंधित व्यक्तीची स्वतःची धारणा काय आहे, याला आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलं. म्हणून मी म्हणतो की २०२७ च्या उमेदवाराला हे आधीच विचारलं पाहिजे.

दयेच्या अर्जांचंही तेच. प्रतिभाताईंच्या काळात अनेक फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या, प्रणवदांच्या काळात बहुतेक अर्ज फेटाळले गेले. कसाबचा अर्ज त्यांनी फेटाळला, याकूब मेमनचा दुसरा अर्ज तर फाशीच्या आदल्या रात्री. सल्ला गृहखात्याचाच असतो, पण फाईल परत पाठवणं किंवा थांबवणं राष्ट्रपतींच्या हातात असतं. बॉम्बस्फोट आणि २६/११ भोगलेल्या या शहरात या विषयावर लोकांची मतं तीव्र आहेत आणि परस्परविरोधी आहेत. उमेदवाराचं मत मात्र आपल्याला शपथविधीनंतर कळतं.

आता ओळखीच्या राजकारणाबद्दल, कारण अंदाजांचा सगळा खेळ त्यावरच चालतो. एका संथाळ स्त्रीने त्या वाड्यात राहायला जाणं, नारायणन यांच्यासारख्या दलित घरातल्या मुलाने तिथवर पोहोचणं, याचं मोल मी कमी लेखणार नाही. शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलेल्या माणसांना तिथे आपलं माणूस दिसणं हे लोकशाहीचंच काम आहे. नारायणन यांनी मात्र हे दाखवून दिलं की प्रतिनिधित्व आणि स्वतंत्र विवेक एकत्र नांदू शकतात. त्यामुळे उमेदवाराची जात सांगून पक्षाचं काम संपलं, असं मानणं हा त्या समाजाचाच अपमान आहे. त्या समाजातल्या व्यक्तीलाही घटनेबद्दल ठाम मत असू शकतं, आणि ते तिला विचारण्यात तिचा सन्मानच आहे.

मराठी अस्मितेबाबतही मला हेच म्हणायचं आहे. २००७ मध्ये शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही मराठी राष्ट्रपती हवा म्हणून प्रतिभाताईंच्या पाठीशी उभी राहिली. त्या वेळी मलाही आनंद झाला होता आणि तो खोटा नव्हता. पण चिंतामणरावांच्या बाजूने बोलताना कोणाला मराठी एवढंच सांगून थांबावं लागलं नसतं. त्यांनी एका तत्त्वासाठी मंत्रिपद सोडलं होतं, एवढं सांगणं पुरेसं होतं. पुढच्या वेळी मराठी नाव निघेल तेव्हा त्या व्यक्तीने कधी सत्तेला नकार दिला आहे का, हे विचारून पाहावं.

थेट निवडणूक घ्या, असं माझं म्हणणं नाही. ती मागणी मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शाह यांनी घटना समितीत केली होती. ती फेटाळली गेली आणि ते योग्यच झालं. कोट्यवधी मतं घेऊन आलेला राष्ट्रपती पंतप्रधानाशी स्पर्धा करू लागेल, अधिकार मात्र त्याच्याकडे नसतील, हा नेहरूंचा युक्तिवाद बिनतोड होता. शाह १९५२ मध्ये स्वतः राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले आणि ९२,८२७ मतमूल्य घेऊन हरले. पण अप्रत्यक्ष निवडणूक म्हणजे बंद दाराआडची निवडणूक, असा अर्थ घटनाकारांनी केला नव्हता.

अमेरिकेकडे बोट दाखवून तिथल्यासारखं करा, असंही म्हणणार नाही. तिथे पक्षाच्या उमेदवारीसाठी राज्याराज्यांत मतदान होतं, इच्छुकांना महिनोन्‌महिने लोकांसमोर प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. त्यात पैशाचा जो पूर येतो, तो इथे नको. शिवाय २०२४ मध्ये बायडन यांनी जुलैत माघार घेतली आणि कमला हॅरिस पक्षांतर्गत लढतीशिवाय उमेदवार झाल्या. म्हणजे तिथेही गोष्टी घाईत ठरतात. घ्यायचं ते एवढंच की इच्छुकाला आधीपासून लोकांसमोर येऊन बोलावं लागतं.

आपल्याकडे त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. पक्षांनी ठरवलं तर मार्च-एप्रिलमध्ये नाव जाहीर करता येईल. उमेदवार मुंबईत आला की आमदारांसोबतच्या बंद बैठकीबरोबरच पत्रकारांना आणि घटनेच्या अभ्यासकांना मोकळेपणाने भेटू शकेल. अध्यादेश, राष्ट्रपती राजवट, राज्यांची अडलेली विधेयकं, दयेचे अर्ज, त्रिशंकू लोकसभेत सरकार स्थापनेचं निमंत्रण, यांवर त्याची भूमिका काय, हे एकदा नोंदलं जाईल. उमेदवार सांगेल की मी प्रत्येक प्रसंगी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागेन. तेही उत्तर चालेल. निदान ते उत्तर देऊन तो निवडून आला, हे लोकांना माहीत राहील.

पक्ष हे आपणहून करणार नाहीत. त्यांना धक्कातंत्र सोयीचं आहे, कारण उमेदवार जितका उशिरा कळेल तितकी मित्रपक्षांची सौदेबाजी आटोपशीर राहते. म्हणून दबाव खालून यायला हवा. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतल्या ५,०४,१२,२३५ लोकसंख्येला २८८ ने भागून, पुन्हा हजाराने भागून ते काढलं जातं. एकट्या मुंबईच्या ३६ आमदारांचं मिळून ६,३०० मूल्य होतं, शिवाय सहा खासदार आहेत. एकूण दहा-अकरा लाखांच्या मतमूल्यात हा आकडा लहान आहे. पण सिक्कीमच्या ३२ आमदारांचं एकत्रित मूल्य २२४ आहे, हे लक्षात घेतलं तर मुंबई किती मोठी मतदार आहे ते कळतं.

आमदारांना विचारलं की ते म्हणतील, मतदान गुप्त असतं, पक्ष सांगेल तसं करू. यातली दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. या निवडणुकीत पक्षाला व्हीप काढता येत नाही, वेगळं मत दिलं म्हणून पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी जात नाही. विधानभवनात गुलाबी मतपत्रिका घेऊन आयोगाने दिलेल्या पेनने पसंतीक्रम लिहिताना आमदार पूर्ण मोकळा असतो. घटनेने ही गुप्तता त्याला पक्षश्रेष्ठींपासून दिली आहे. मतदारसंघातल्या लोकांना आपलं मत आणि त्यामागचं कारण सांगायला त्याला कोणी मनाई केलेली नाही.

आणि उमेदवारी अर्ज तर गुप्त नसतोच. त्यावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, आणि ते सगळे आमदार-खासदारच असावे लागतात. जून २०२७ मध्ये अर्ज भरले जातील तेव्हा त्यातल्या काही सह्या मुंबईच्या आमदारांच्याही असू शकतील. माहीम, घाटकोपर, मागाठाणे, कुलाबा, कोणत्याही मतदारसंघातल्या माणसाने आपल्या आमदाराच्या कार्यालयात जाऊन विचारावं: तुमच्याकडे सहीसाठी कागद आला, तर सही करण्यापूर्वी त्या उमेदवाराशी तुमचं बोलणं होणार आहे का, आणि झालं तर पहाटेच्या फाईलीबद्दल तुम्ही त्याला काय विचारणार आहात?